ठिपके किती?

आमच्या पोन्से शहरात मुरलेला खेळाडू डॉमिनोची सोंगटी बघत नाही, अंगठ्याने ठिपके चाचपतो. आंब्यावरून पडल्यापासून माझ्या नवऱ्याचे, नेफ्तालीचे, दोन्ही हात लुळे आणि बधिर आहेत. आज त्याच्या मेंदूत बसवलेल्या तारा यांत्रिक हाताला जोडल्या होत्या. डॉक्टरीणबाई त्या हाताची बोटं दाबत होत्या आणि डोळ्यांवर पट्टी बांधलेला नेफ्ताली ओळखत होता, “करंगळी. तर्जनी.” “मेंदूत त्यांचा हात अजून शाबूत आहे,” बाई म्हणाल्या. “कसला शाबूत! थापाड्या आहे हा. कोरी सोंगटी धरूनही सहाची असल्याचा आव आणतो.” असं म्हणत मी पिशवीतली सोंगटी यांत्रिक अंगठ्यावर टेकवली. “अंगठा,” तो म्हणाला. “ठिपके किती?” मी विचारलं. “नाही गं कळत.” एवढ्या संसारात ही पहिलीच कबुली. मी यांत्रिक अंगठा घट्ट आवळला. “हळू गं, माझा आहे तो!”