बागेतली दगडी बाई

दवाखान्यातून निघाल्यावर चतुराच्या हट्टापायी काकासाहेब शिल्पांच्या बागेत आले खरे, पण आत शिरल्यापासून त्यांचा पाय एका जागी ठरेना. बायको एखाद्या पुतळ्यापुढं थांबली की यांचं सुरू, "उरक की! लासूरची गाडी चुकंल." बाहीनं घाम पुसायचे अन् पुढं व्हायचे. रुमाल मागच्या महिन्यात गाडीत हरवला म्हणाले होते, तो नवा काही घेतला नव्हता.

पार कोपऱ्यात एक दगडी बाई लेकरू कडेवर घेऊन उभी होती.

"तिकडं काय नाय, चल," म्हणत ते आडवे आले. चतुरा तरी गेलीच. बाईच्या कपाळाला कुणीतरी हळदीकुंकू लावलं होतं, अन् मनगटाला कापडाचा इवलासा पाळणा बांधला होता. चतुराचे हात आपसूक जोडले गेले.

"अगं, कुण्या कारागिरानं घडवलेली बाई हाय ती, देव नाय!" काकासाहेब खेकसले. चतुराच्या एकाही नवसाला हा माणूस कधी सोबत आला नव्हता. "असल्यानं पोरं व्हत असती, तर डॉक्टर कशाला लागला असता?"

चतुरा पाळण्याकडंच बघत राहिली. लाल चौकड्यांचा रुमाल होता तो, अन् काठाला घातलेली टीप तिच्याच हातची होती.

वाऱ्यानं पाळण्याची गाठ सैल झाली होती. मागं वळून न बघता तिनं ती घट्ट आवळली अन् म्हणाली, "चला आता, गाडी चुकंल."