जीपमधली खडखड

"अजून रेस द्या!" बॉनेटखालून मी ओरडले. यांनी ॲक्सिलरेटर दाबताच आमची जुनी जीप खडखडली.

"पिस्टन गेलाय," हे आतून म्हणाले. "विकून टाकू आता."

मी स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवलं, मूठ कानाला लावली. इंजिन झकास घुमत होतं. टोक एअर फिल्टरच्या डब्यावर सरकवलं, आणि खडखड थेट कानात!

"बंद करा! सापडलं!"

झाकण उघडलं, तर आत उंदराने साठवलेल्या पसाभर सुपाऱ्या. अंगणात वाळत घातलेल्या, आमच्याच! त्या शेजारच्या वैजूकाकूंनी उचलल्या असं धरून मी महिनाभर त्यांच्याशी बोलले नव्हते.

सुपाऱ्या पदरात घेऊन मी कुंपणाकडे धावले. "काकू, चोर सापडला! मला हव्या तेवढ्या शिव्या द्या, पण आधी चहा टाका!"