जत्रेतलं लेकरू

परभणीत निजामाच्या काळातल्या एका टॉकीजमध्ये दर रविवारी सकाळी जुने सिनेमे लागत. त्र्याऐंशी साली तिथं जो सिनेमा लागला, त्यातली जत्रा पंचवीस वर्षांपूर्वी गंगाखेडला नदीकाठी चित्रित झाली होती. तेव्हा त्या गर्दीत तानुबाईही उभी होती, दोन वर्षांच्या सटवाला कडेवर घेऊन. पुढच्याच उन्हाळ्यात तो गोवरानं गेला. त्याचा एकही फोटो कधी निघाला नव्हता.

पडद्यावर तो दिसेल या आशेनं तानुबाई गंगाखेडहून पहिल्या एसटीनं आली. पडद्यावर जत्रा आली, सटवा हसला, आणि तिचे डोळे भरून येईपर्यंत निघूनही गेला.

खेळ सुटला तरी ती खुर्चीवरून उठेना. टॉकीजचे मालक ईश्वरअप्पा विचारायला आले. तिचं ऐकून त्यांनी वर मशीनच्या खोलीकडं पाहिलं.

"ऑपरेटर जेवायला गेलाय, माय. पण मशीन मला बी चालवता येतं. बसा, परत दाखवतो."

"लय पळतंय वो, मालक. तिथं जरा थांबवा की. एकडाव नीट बघू द्या लेकराला."

रिकाम्या टॉकीजमध्ये पुन्हा जत्रा भरली. सटवा हसला, आणि ईश्वरअप्पांनी मशीन थांबवलं. लेकरू आईकडं बघत राहिलं. तानुबाईनं दृष्ट काढून कानशिलावर बोटं मोडली.


तेवढ्यात मशीनमधल्या दिव्याच्या आचेनं थांबलेली फिल्म करपली, आणि सटवाच्या हसऱ्या तोंडाला मधोमध भोक पडत गेलं.