किटलीच्या बाजूचे तीन

दुसरा तुकडा बाहेर आला तेव्हा ती पुन्हा म्हणाली, “मला किटलीच्या बाजूचे तीन हवेत, दादा. हे दोन साहेबांना द्या.”

ओक ग्वांग-सूने ड्रिल खाली ठेवलं. बाकावरचा इंजिन ब्लॉक चार महिने समुद्राच्या तळाशी होता. होडीला इंजिन धरून ठेवणारे पाचही बोल्ट ब्लॉकच्या आतच तुटले होते. इंजिन जागेवरून उखडलं, तळ फुटला आणि होडी बुडाली. होडीत एकटा चोन होता, हिचा नवरा. तो सापडलाच नाही.

“किटलीची बाजू म्हणजे?” ग्वांग-सूने विचारलं. त्याला चांगलं माहीत होतं.

“ह्यांची चहाची किटली असायची त्या अंगाला. इंजिनाच्या उबेला. थडग्यात ठेवायला काहीतरी हवं ना. रविवारी बोक-ही पुसानहून येतेय. रिकाम्या खड्ड्यापुढे लेकीला कसं वाकायला लावू?”

“कपडे ठेवतात, बोक-हीच्या आई. चपला ठेवतात.”

“कपड्यांत ह्यांचं काय होतं? जीव त्या इंजिनात होता.”

गेल्या हिवाळ्यात हे इंजिन ग्वांग-सूनेच बसवलं होतं. दोन बोल्ट नवे, आणि किटलीच्या बाजूला तीन जुने. नवे संपले होते आणि चोन दारात उभा राहून शिव्या घालत होता. मागाहून बदलू म्हणून त्याने जुन्यांची डोकी रंगवून टाकली. ते राहूनच गेलं. होडी बुडाल्यापासून त्याला धड घास गिळवत नव्हता.

इंजिन बसवलं त्या दिवशी ही बाई चोनचा डबा घेऊन आली होती, हे त्याला आता आठवलं. नेमके तेच तीन मागते म्हणजे हिला कळलंय. सोमवारी बंदर कचेरीचा साहेब तुकडे बघायला येणार होता. जुना बोल्ट ओळखायला त्याला एक नजर पुरे. मग बंदरावरचे सगळे म्हणतील की ओकने माणूस मारला. आणि ते खरंच असेल.

“साहेबाला काय सांगू?”

“भोक पाडताना भुगा झाला म्हणा. होतं ना तसं?”

“होतं. बरंच ठाऊक आहे हो तुम्हाला.”

“सव्वीस वर्षं ह्यांना नटबोल्टचे पाने काढून दिलेत. चुकीचा दिला की हे व्हायचं.” तिने डावी करंगळी पुढे केली. ती वाकत नव्हती.

त्याने गॅसच्या ज्योतीने ब्लॉक तापवला, तिसऱ्या तुकड्याच्या कडेने मेणबत्ती वितळवून सोडली. तुकड्याच्या मधोमध पाडलेल्या भोकात उलट्या आट्यांची सळई घालून पाव पाव फेरा देत राहिला. तुकडा कुरकुरला आणि सुटला. पुढचे दोनही तसेच निघाले. बाई समोरच्या स्टुलावर बसून जवाचा चहा पीत होती.

तुकडे तसेच तिच्या हाती द्यायचे, असं त्याने ठरवलं होतं. पण आपलं पाप एकदा तरी डोळ्यांनी बघावं असं त्याला वाटलं. त्याने एक तुकडा डिझेलमध्ये बुडवला आणि तारेच्या ब्रशने घासला.

नवे दोन बोल्ट सगळीकडून वेडेवाकडे फाटले होते. हा अर्धाच फाटला होता. उरलेला अर्धा सपाट होता आणि त्यावर बारीक सरळ रेघा होत्या. हॅक्सॉ करवतीच्या पात्याच्या.

त्याने दुसरा घासला. मग तिसरा. तिन्हींवर त्याच रेघा.

तिने पांढरा रुमाल बाकावर पसरला. त्याने मान वर न करता तिन्ही तुकडे त्यात ठेवले. तिने चारी टोकं जुळवून घट्ट गाठ मारली.

“तुमचे जुने बोल्ट भारी चिवट हो, दादा,” ती हळूच म्हणाली. “अर्धाच कापून परत बसवायचा होता, तरी एकेकाला माझी अख्खी दुपार गेली.”