चहाला आलेला लांडगा

"कुणालाही खरं वाटणार नाही, पण नारिनच्या डोंगरातल्या बर्फात एक लांडगा आपल्या घरी चहा पिऊन गेलाय," मी नातीला सांगायला लागलो.

तीन वर्षांची आयजिरेक फ्लूच्या तापाने फणफणली होती. बर्फाने घाट बंद होता आणि बाटलीत एकाच चमच्यापुरतं औषध उरलं होतं. आधीचं तिने माझ्या दाढीवर थुंकलं होतं. एरवी दारात नानचं ताट धरून उभी राहणारी, तुकडा चाखल्याशिवाय निघालेल्या पाहुण्याला उंबरा ओलांडू न देणारी ही पोर, आज स्वतःचे ओठ घट्ट मिटून बसली होती.

"बाबा, पोरगी निखाऱ्यासारखी तापलीय आणि तुम्हाला थापा सुचतायत?" चमचा धरून बसलेली सून नुरझात रडकुंडीला आली होती.

"तू चमचा तिच्या ओठांपाशी धर गं," मी म्हणालो आणि पुढे रेटलं. "तर लांडग्याने शेपटी झटकली, माझ्या गादीवर बसला, वाट्यांवर वाट्या चहा ढोसला."

आयजिरेकचे डोळे मोठे झाले, पण ओठ हलेनात. नुरझातने चमचा आणखी जवळ नेला.

"मग माझीच टोपी घालून उठला," मी म्हणालो, "आणि नान न चाखताच निघून गेला!"



"खोटं!" आयजिरेक किंचाळली, तेवढ्यात चमचा आत गेला, आणि औषध गिळून तिने मला ठणकावलं, "मी जाऊच दिलं नसतं त्याला!"