मुकं बेअरिंग

दाजींच्या बोटीचं इंजिन बांधताना मी एकेक सील नखानं चाचपून निवडलं. पंपाचं बेअरिंग तेवढं कानाशी फिरवून पारखलं नाही; ताईनं त्यात आधीच ग्रीस भरलं होतं, आणि ग्रीस भरलेलं बेअरिंग मुकं असतं. बोट निघाल्यावर ताई वर्कशॉपमध्ये आली ती चक्क हसत. “वादळ येणार म्हणून हातापाया पडले, पण हे ऐकतात कुठे! आता येतील गुपचूप माघारी.” तिनं टेबलावर कोरं करकरीत बेअरिंग ठेवलं. “नवं हे. तुला दिलं ते जुनंच, धुऊन ग्रीस भरलेलं. इंजिन धक्क्यावरच बंद पडणार ना?” “ताई, ते इथे कुरकुरणारसुद्धा नाही गं. तासन्तास तापल्यावर जाम होतं.” “म्हणजे कुठे?” तिनं विचारलं. मी दारातून समुद्राकडे पाहिलं. ठिपक्याएवढ्या बोटीचं इंजिन लांबून अगदी गोड वाजत होतं.