बांधावरची रेंज

गावात नवा फाइव्ह-जी टॉवर उभा राहिला आणि जुन्या गिऱ्हाइकांचे फोन मेले. कंपनीतली पोर विठूला गोड आवाजात म्हणाली, "काका, हँडसेट बदला." इतकी वर्षं इमानाने रिचार्ज मारला, त्याचं हे बक्षीस.

आता मये गावात जुन्या फोनला रेंज मिळायची ती फक्त तळ्याच्या बांधावर. बायको गंगा म्हापशाला हॉस्पिटलात होती. आज ऑपरेशन झालं नाही तर ती हाती लागणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. पण बापाला विचारल्याशिवाय सेजल सही करणारी नव्हती. म्हणून भर दुपारी विठू बांधावर जाऊन उभा राहिला.

फोन लागला. "सेजल, सही कर. बाबा हो म्हणाले म्हणून सांग."

लेक घुटमळली. "बाबा, आत्ताच तर नको म्हणालात."

"खुळी काय गो तू? फोन आत्ता लागला."

"मग तुमच्या बाजूला कोण बोलतंय?"

बांधावर चिटपाखरू नव्हतं. "कोणी नाही. तू सही कर."

"दोघं एकदम बोलू नका हो. आणि दोन्ही आवाज तुमचेच कसे?"

तेवढ्यात रेंज गेली. विठूने फोन बंद करून पुन्हा चालू केला. एकही काडी नव्हती. कंपनीला शिव्या घालत तो म्हापशाची बस पकडायला वळला, तर मागे कोणीतरी समजुतीने बोलत होतं. आवाज त्याचाच होता.

"नको गो बाय, कापाकापी नको. आईला घरी घेऊन ये."

आणि पाण्यावरून स्वच्छ, जवळून आल्यासारखा सेजलचा आवाज आला, "बरं बाबा. नको म्हणून सांगते."